नावे, जमा आणि बी.एड.

बी.कॉम., एम.कॉम.चे निकाल लागले की भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील व्यापारी घरांतून एक चर्चा दरवर्षी सुरू होते. मुलगा बहुधा गादीवर बसतो किंवा सी.ए.च्या वाटेला लागतो. मुलीसाठी, आणि अलीकडे काही मुलांसाठीही, बी.एड.चा विषय निघतो. लग्नानंतर गाव बदलले तरी ही पदवी सोबत जाते, शाळेच्या वेळा घराला सोयीच्या पडतात, शिक्षकाला समाजात मान असतो, अशी कारणे पुढे येतात. घरातील एखादे आजोबा ‘दुकान असताना नोकरी कशाला?’ असे विचारून पाहतात. पण नातीचा आग्रह आणि सुनेचा मूक पाठिंबा यांच्यापुढे त्यांचे फारसे चालत नाही. मग चौकशी सुरू होते. फी किती, महाविद्यालय घरापासून किती लांब, आणि हळू आवाजात विचारला जाणारा तिसरा प्रश्न म्हणजे हजेरी कितपत सक्तीची.

या चौकशीत एक प्रश्न जवळजवळ कधीच येत नाही: वाणिज्य हा विषय शिकवायचा कसा, हे त्या महाविद्यालयात कोण शिकवणार? दहा रुपयांचा माल घेतानाही चार ठिकाणी भाव विचारणाऱ्या घरांनी आयुष्याची दोन वर्षे गुंतवताना नेमका मालच पाहू नये, हे नवल आहे.

विषय येणे आणि विषय शिकवता येणे यांत केवढे अंतर असते, हे जमाखर्चाच्या एका साध्या प्रसंगातून कळते. अकरावीचा एक विद्यार्थी कल्पावा. घरी जुनी देशी नामा पद्धतीची रोकडवही आहे: लाल कापडी बांधणी, कागदाला घड्या पाडून केलेले रकाने. त्या वहीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची असते. दिवसभरात आलेली रक्कम डावीकडे, ज्याच्याकडून आली त्याच्या नावाने जमा होते. दिलेली रक्कम उजवीकडे, ज्याला दिली त्याच्या नावे पडते. हे त्या मुलाने लहानपणापासून पाहिलेले असते. तो ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हे पाठ्यपुस्तक उघडतो, तर रोख पुस्तकाची डावी बाजू नावेची आणि उजवी जमेची. पैसा दोन्हीकडे डावीकडेच येतो, बाजूचे नाव मात्र उलटे झालेले असते. इतक्यात घरातले बँकेचे पासबुक त्याच्या हाती पडते. त्यात वडिलांनी भरलेले दहा हजार रुपये ‘जमा’ दिसतात, आणि गुरुजींनी तर फळ्यावर ‘बँक खाते नावे, रोकड खाते जमा’ असे लिहिलेले असते. एकाच शब्दाचे तीन अर्थ झाले. बहुतेक विद्यार्थी येथे विचार करणे सोडतात आणि नियम पाठ करू लागतात. पुढची दोन वर्षे ते पाठांतरावरच निघतात.

उलगडा अवघड नाही. घरच्या रोकडवहीत नोंद होते ती देणाऱ्या-घेणाऱ्या व्यक्तीच्या खात्याची. रोकड तेथे स्वतःचे खाते मांडून बसत नाही. पुस्तकी पद्धतीत रोख पुस्तक हेच रोकडीचे खाते असते आणि येणारी वस्तू त्या खात्याच्या नावे पडते. पासबुक तर दुकानदाराची वहीच नव्हे. ती बँकेच्या वहीची नक्कल आहे. दुकानदाराच्या दृष्टीने बँक ही त्याची देणेकरी, म्हणून त्याच्या वहीत बँक नावे. बँकेच्या दृष्टीने दुकानदाराची ठेव हे तिच्या डोक्यावरचे देणे, म्हणून तिच्या वहीत दुकानदार जमा. दोघेही खरे लिहितात, आपापल्या जागेवरून लिहितात. जाणता शिक्षक वर्गात दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवतो, एकाला दुकान करतो, दुसऱ्याला बँक, आणि एकच व्यवहार दोघांना आपापल्या कागदावर लिहायला सांगतो. हा खेळ पंधरा मिनिटांचा. पण तो एकदा झाला की पुढे येणारे बँक जुळवणी पत्रक हे भय वाटण्याजोगे प्रकरण राहत नाही.

एम.कॉम. झालेल्या कोणालाही वरचा उलगडा ठाऊक असतो. विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, त्याच्या डोक्यातला ‘जमा’ हा घरचा, पुस्तकातला की पासबुकातला, आणि आधी काय सांगितले म्हणजे नंतरचे सोपे जाते, हे मात्र पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोणी शिकवत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ली शुलमन यांनी १९८६ साली याच ज्ञानाला स्वतंत्र नाव दिले. विषयाचे ज्ञान एक, अध्यापनाची सर्वसाधारण तत्त्वे दुसरी, आणि या दोहोंच्या संगमावर उभे असलेले त्या त्या विषयाच्या अध्यापनाचे ज्ञान तिसरे, अशी त्यांची मांडणी होती. महाराष्ट्रातील बी.एड.च्या जुन्या विद्यार्थ्यांना ‘आशययुक्त अध्यापन’ हा शब्द आठवत असेल. त्याचा रोखही याच दिशेला होता.

आता हे तिसरे ज्ञान आजच्या व्यवस्थेत कोठे मिळते ते पाहू गेले तर चित्र विरळ दिसते. राज्याच्या बी.एड. प्रवेशपरीक्षेत शंभर प्रश्न असतात: बौद्धिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३०, शिक्षकी अभियोग्यतेचे ३०. उमेदवार जो विषय शिकवणार आहे त्याचा एकही प्रश्न नाही. पदवी हातात पडल्यावर अनुदानित शाळांतील नोकरीसाठी जी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते, तिचे २०० गुण अभियोग्यता (१२०) आणि बुद्धिमत्ता (८०) यांत वाटलेले आहेत. म्हणजे आत येताना विषय विचारला जात नाही आणि बाहेर पडतानाही नाही. पहिली ते आठवीसाठीच्या शिक्षक पात्रता परीक्षेत विषय आहेत, पण वाणिज्य नाही. कारण त्या इयत्तांत तो शिकवलाच जात नाही.

मधल्या दोन वर्षांचे काय? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. शंभर विद्यार्थ्यांसाठी सोळा अध्यापक असावेत असे त्या नियमांत म्हटले आहे. त्यांपैकी आठ विषयांच्या अध्यापन पद्धतीसाठी. आणि कंसात ते विषय दिले आहेत: गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, भाषा. वाणिज्याचा उल्लेख नाही. वाणिज्य ही पद्धती निवडता येते, पण तिच्यासाठी स्वतंत्र माणूस ठेवण्याचे बंधन महाविद्यालयावर नाही. गटात चार-पाचच विद्यार्थी असले तर ती पद्धती अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या अध्यापकाकडे जाण्याचीच शक्यता अधिक. ते अध्यापक आपल्या परीने मनापासून शिकवतीलही. पण तेरीज जुळत नसताना चूक शोधायची कशी, हे ज्याने स्वतः कधी शोधले नाही तो दुसऱ्याला काय दाखवणार?

सरावाच्या पाठांची अडचण वेगळीच आहे. याच नियमांनुसार छात्राध्यापकाने वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात पुस्तपालन, ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’, ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ हे विषय अकरावीपासून येतात. त्यामुळे वाणिज्याच्या छात्राध्यापकाला कनिष्ठ महाविद्यालयच लागते, आणि तेही वाणिज्य शाखा असलेले. ते न मिळाल्यास तो आठवीच्या वर्गावर आपल्या दुसऱ्या पद्धतीचे, भूगोलाचे किंवा गणिताचे, पाठ घेत राहतो. पाठांची संख्या पूर्ण होते, फाइलवर सही होते, आणि ज्या विषयासाठी नेमणूक होणार त्याचे पाठ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झालेले असतात.

भंडारा जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ नाही. सात तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाख लोकसंख्येचा हा जिल्हा १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली येतो. मोठ्या विद्यापीठाच्या कडेला असलेल्या लहान महाविद्यालयाला आपल्या मर्जीने एखाद्या विषयाची पद्धती फुलवता येत नाही. प्रश्नपत्रिका तिकडून येते, वेळापत्रक तिकडून येते. म्हणूनच शेजारच्या रामटेककडे पाहण्याजोगे आहे. वाचकांना रामटेक म्हटले की शांतिनाथांचे क्षेत्र आठवते. त्याच गावी १९९७ साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. विद्यापीठांच्या हिशेबात ते लहानच. पण एका विषयाभोवती उभे राहिलेले. तेथे संस्कृतबरोबर शिक्षणशास्त्राचाही अभ्यास होतो. देशपातळीवर २०२० साली राष्ट्रीय संस्कृत संस्थानाचे केंद्रीय संस्कृत विश्वविद्यालयात रूपांतर झाले, त्याची ‘शिक्षाशास्त्री’ ही पदवी बी.एड.च्या तोडीची असून तिच्या प्रवेशपरीक्षेत संस्कृतचे ज्ञान तपासले जाते. ज्याला विषय येतो त्यालाच तो शिकवायला शिकवायचे, ही तिथली सुरुवात आहे.

लहान आणि एकविषयी संस्थेचा फायदा असा की व्याकरण शिकवणारा आणि व्याकरण कसे शिकवावे हे सांगणारा माणूस एकाच इमारतीत सापडतो, पुष्कळदा तो एकच असतो. विद्यार्थ्याची चूक विषयाची की मांडणीची, हे त्याला ताबडतोब दिसते. अर्थात उणे बाजूही मांडलीच पाहिजे. अशा ठिकाणी दुसरी पद्धती निवडायला वाव कमी, ग्रंथालय एका अंगाला झुकलेले, आणि संस्कृत शिक्षकांच्या जागा मोजक्या. परंतु हीच मांडणी वाणिज्यासाठी केली असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. विद्यार्थ्यांची वाण वाणिज्याला कधीच पडली नाही.

ही केवळ कल्पना नाही. देशाने एकदा प्रयत्न करून पाहिला आहे. मुदलियार आयोगाने १९५२-५३ साली माध्यमिक शाळा बहुउद्देशीय कराव्यात, त्यांत शेती, तंत्र, वाणिज्य असे गट असावेत, अशी शिफारस केली. या गटांना शिक्षक कोठून आणायचे? त्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली. महाराष्ट्र भोपाळच्या कक्षेत आला. विज्ञान आणि तंत्राबरोबर वाणिज्याच्या शिक्षकांची तयारीही तेथे होऊ लागली: विषय आणि अध्यापन एकत्र, वेगवेगळ्या दारांतून नव्हे. बहुउद्देशीय शाळांची कल्पना पुढे मागे पडली आणि वाणिज्याचे ते अभ्यासक्रमही ओसरले, विज्ञानाचा बी.एस्सी.-बी.एड. मात्र टिकला. शाळाच उरल्या नाहीत तर शिक्षक कोणासाठी, हा हिशेब तेव्हा बरोबर असेल. पण पुढे अकरावी-बारावीला वाणिज्य शाखा गावोगावी पोहोचली, तेव्हा तो हिशेब पुन्हा कोणी मांडला नाही.

जर्मनीतील लाइपझिग शहरात १८९८ साली स्थानिक व्यापारी मंडळाच्या पुढाकाराने व्यापारविषयक उच्च शिक्षणाची संस्था निघाली. त्या देशातील ती पहिली. तेथे व्यापाऱ्यांची मुले शिकत आणि व्यापारी शाळांचे भावी शिक्षकही शिकत, दोघेही त्याच वर्गात. आजही जर्मनी व ऑस्ट्रियात वाणिज्याचे अध्यापन ही विद्यापीठातील स्वतंत्र शाखा आहे. विदर्भातील व्यापाऱ्यांनाही शिक्षणाचे वावडे नव्हते. वर्ध्याचे गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय १९४० साली निघाले ते जमनालाल बजाजांच्या शिक्षा मंडळाच्या आश्रयाने. वाणिज्य शिकवण्याची सोय झाली, पदवीधर तयार झाले. त्यांना शिकवणारे तयार करणे हे काम मात्र दुसऱ्या कोणाचे तरी समजले गेले.

आता पुन्हा चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचे दिवस आले आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता तीच व्हायची आहे. बारावीनंतर प्रवेश, राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, आणि बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. या पदवीसोबतच बी.एड. पहिले वर्ग २०२३-२४ मध्ये देशातील निवडक संस्थांत सुरू झाले. दुसरीकडे २०२५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या नियमांच्या मसुद्यात पदव्युत्तर पदवी किंवा चार वर्षांची पदवी असलेल्यांसाठी एका वर्षाचे बी.एड. सुचवले आहे. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर विषयातील पदव्युत्तर पदवी किमान द्वितीय श्रेणीत आणि बी.एड. अशी दोन्ही लागतात. बारावीनंतर वर्षांची बेरीज सध्याच्या मार्गाने तीन, दोन, दोन अशी सात होते. एकत्रित अभ्यासक्रमाने चार आणि दोन, सहा. एका वर्षाचे बी.एड. आले तर तीन, दोन आणि एक, तरीही सहा. मुलीचे वय मोजत बसलेल्या घरांना ही एका वर्षाची बचत मोठी वाटेल. पण दोन मार्गांनी वाचलेले वर्ष एकसारखे नाही. एकत्रित अभ्यासक्रमात विषय आणि त्याचे अध्यापन चार वर्षे शेजारी-शेजारी चालतात. एका वर्षाच्या मार्गात जी कपात होईल ती अध्यापनाच्या सरावातूनच होण्याची भीती आहे.

नोकरीविषयीही स्वच्छ बोललेले बरे. अनुदानित जागा कमी निघतात आणि भरतीची वाट लांबते. विनाअनुदानित ठिकाणी पगार पुष्कळदा दुकानातील मुनीमापेक्षा कमी असतो. केवळ उत्पन्नाचा हिशेब केला तर बी.एड. हा घाट्याचा सौदा ठरू शकतो. म्हणूनच जी मुलगी तो करणार तिला निदान शिकवण्याची विद्या तरी पुरी मिळावी. ती हाती असली तर शाळेची नोकरी न मिळाली तरी सासरच्या गावी आठ मुलांचा वर्ग चालतो, आणि तो चांगला चालतो.

व्यापारी घरांना यात करण्याजोगे बरेच आहे, आणि त्याला देणगीही लागत नाही. भंडारा हा धानाचा जिल्हा. सरकारने खरेदी केलेले धान भरडाईसाठी राईस मिलमध्ये येते. कच्च्या तांदळासाठी शंभर क्विंटल धानामागे ६७ क्विंटल तांदूळ परत द्यायचा, कोंडा आणि कणी गिरणीकडे राहते, भरडाईचा दर ठरलेला असतो. हा व्यवहार येथल्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांसमोर घडतो. तरीही अकरावीच्या विद्यार्थ्याला त्याची नोंद विचारावी. धान गिरणीत आले म्हणजे ‘खरेदी खाते नावे’ असे बहुतेक जण लिहून मोकळे होतील. माल आला, पण मालकी आली नाही. तो ताब्यात आहे, विकत घेतलेला नाही. गिरणीचे उत्पन्न आहे ते भरडाईचे आणि कोंडा-कणीच्या विक्रीचे. ताबा आणि मालकी यांतला फरक पाठ्यपुस्तकातील ‘अ’ने ‘ब’ला पाठवलेल्या मालापेक्षा या ट्रकवरून शंभर पटींनी लवकर समजतो. पण त्यासाठी छात्राध्यापिकेला आधी गिरणीचा तो कागद पाहायला मिळाला पाहिजे. जुनी बिले, पावत्या, रद्द झालेले धनादेश, आजोबांच्या काळातील एखादी रोकडवही, नावे झाकून, तिच्या हाती द्यायला कोणाची हरकत असावी? आज हिशेब संगणक करतो आणि मुले ‘टॅली करते ना’ म्हणून खांदे उडवतात. टॅलीने दिलेला आकडा चुकीचा आहे हे ओळखायला मात्र अजूनही माणूसच लागतो.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जायचे ते माहितीपत्रक आणायला नव्हे. वाणिज्य पद्धतीचा तास कोण घेते, त्या अध्यापकांचे स्वतःचे शिक्षण वाणिज्यातले आहे काय, गेल्या वर्षी या पद्धतीचे किती विद्यार्थी होते, त्यांचे सरावपाठ कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयात झाले, हे तेथे बसून विचारावे. उत्तरे तोंडी गोड मिळतील. म्हणून शक्य झाल्यास वाणिज्याच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याची पाठटाचणाची वही पाहायला मागावी, आणि तीत बँक जुळवणी पत्रकाचा पाठ काढावा. उदाहरण पाठ्यपुस्तकातून जसेच्या तसे उतरवलेले आहे, की गावातल्या एखाद्या दुकानाचे आहे. आणि समासात मार्गदर्शकाने केवळ सही केली आहे, की काही लिहिलेही आहे, हे तेथे दिसते.